पिशवीवरचे नाव : बर्लिनमधल्या कॉफीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी बर्लिनमध्ये शिकते आणि सप्टेंबरात मी तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहे. मला कॉफीचे वेड आहे. हल्ली चिकमगळूरच्या बिया मागवून मी घरीच दळते. बर्लिनमध्ये स्पेशालिटी कॉफीची दुकाने पुष्कळ आहेत असे ऐकते, पण मुलगी चहावाली असल्यामुळे या बाबतीत तिचा काही उपयोग नाही. फोनवर शोधले तर शेकडो नावे येतात आणि सगळ्यांनाच साडेचार तारे असतात. चांगले दुकान शोधायचे कुठून आणि ओळखायचे कसे?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : ताऱ्यांचा नाद सोडावा. तारे कॉफीला मिळतात तसे केकला, खिडकीतल्या कुंड्यांना आणि भिंतीवरच्या टाइल्सनाही मिळतात, आणि कोणता तारा कशाचा हे कुणी सांगत नाही. मी या शहरात अकरा वर्षे राहतो आहे. मला मनापासून आवडलेले एकही दुकान फोनवर सापडलेले नाही. जी सापडली ती पिशवीवरून सापडली.

त्याचे असे आहे, की बर्लिनमध्ये कॉफी पाजणारी दुकाने चिक्कार आहेत, पण बिया भाजणारे त्या मानाने थोडे. जे दुकान स्वतः भाजत नाही ते कुणाकडून तरी भाजलेल्या बिया विकत घेते, आणि त्या भाजणाऱ्याच्या पिशव्या बहुधा काउंटरमागच्या फळीवर विक्रीलाही मांडलेल्या असतात. म्हणून आत शिरल्यावर दरांचा फळा वाचण्याआधी ती फळी पाहावी. कप आवडला तर पिशवीवरचे नाव टिपून घ्यावे, दुसऱ्या दिवशी त्या भाजणाऱ्याच्या स्वतःच्या दुकानात जावे आणि तिथे विचारावे, की तुमच्या बियांची कॉफी या शहरात आणखी कोण नीट करून देते. काउंटरमागच्या माणसाला दुसराही एक प्रश्न जरूर विचारावा : सुट्टीच्या दिवशी तुम्ही स्वतः कॉफी प्यायला कुठे जाता? या धंद्यातली मुले एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जात-येत असतात, एकमेकांना ओळखतात, आणि या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर मालकाच्या फायद्याचे नसले तरी खरे असते. अशाच एका मुलाने मला बिलाच्या पाठीवर तीन नावे लिहून दिली होती. तिसरे त्याने लिहून खोडले, थोडा विचार करून पुन्हा लिहिले आणि खाली बारीक अक्षरात जोडले, ‘इथे फक्त फिल्टर घ्या, एस्प्रेसो नको.’ (फिल्टर म्हणजे कागदातून गाळलेली कॉफी, एस्प्रेसो म्हणजे यंत्रात दाबाने काढलेली.) ते बिल अजून माझ्या पाकिटात आहे.

आता पिशवीवर काय वाचायचे ते सांगतो. नुसते ‘ब्राझील’ लिहिलेले असेल तर ते ‘भारतातला आंबा’ म्हणण्यासारखे झाले. देवगडचा की रत्नागिरीचा, हापूस की पायरी, हे कळल्याशिवाय आपण पेटी उचलत नाही. चांगल्या पिशवीवर देशाखाली प्रदेश असतो, मळ्याचे किंवा सहकारी संस्थेचे नाव असते, झाडाची जात असते, फळातून बी कशी काढली आणि वाळवली ते असते, आणि या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची अशी भाजल्याची तारीख असते. जर्मनमध्ये तिला ‘रोस्टडाटुम’ म्हणतात. एवढा एक शब्द पाठ करून यावे. ‘अमुक महिन्यापर्यंत वापरा’ एवढेच छापून भाजल्याची तारीख जिथे दिलेली नसते, तिथे मी पिशवी घेत नाही. ‘स्पेशालिटी’ हा शब्द एर्ना क्नुटसन या व्यापारी बाईंनी 1974 मध्ये वापरात आणला. पुढे त्याला मोजमाप आले आणि जाणकारांनी चाखून 100 पैकी 80 किंवा अधिक गुण दिलेली कॉफी ती स्पेशालिटी, असे ठरले. मात्र हे गुण बियांना असतात, ती करून देणाऱ्याच्या हाताला नव्हे. ऐंशीच्या वरच्या बियांची पार माती केलेली मी याच शहरात प्यायलो आहे.

सुरुवात करायला यू 8 ही भुयारी रेल्वेची रेघ पुरेशी आहे. बेर्नाउअर श्ट्रासे स्थानकावर उतरून बर्लिनच्या भिंतीच्या स्मारकाच्या कडेकडेने माउअरपार्कच्या दिशेने चालत गेले, की ओडरबेर्गर श्ट्रासे लागते. तिथे 2006 पासून ‘बोनान्झा’ आहे आणि या शहरातल्या नव्या कॉफीची गोष्ट बरेच जण तिथूनच सांगायला लागतात. रविवारी मात्र तिकडे जाऊ नये, कारण माउअरपार्कात जुना बाजार भरतो आणि सगळी गर्दी त्या गल्लीतून वाहत असते. पुढे रोझेनथालर प्लाट्सला उतरून आउगुस्टश्ट्रासेवर ‘द बार्न’चे पहिले दुकान पाहावे, ते 2010 चे आहे आणि खोली इतकी लहान आहे की चार माणसे आत असली तर पाचव्याने दारात थांबावे. त्यानंतर कोटबुसर टोर. तिथून आडालबेर्टश्ट्रासेवर बोनान्झाची भट्टी आहे, ती रस्त्यावरून दिसत नाही. इमारतीच्या बोळातून मागच्या चौकात जावे लागते. आपल्या पुण्यातल्या वाड्याची सवय असलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये. त्याच स्थानकापासून निघणाऱ्या राइखेनबेर्गर श्ट्रासेवर पंधरा-वीस मिनिटे चालले की ‘फाइव्ह एलिफंट’ येते. तिथे चीजकेक खाल्ला नाही तर लोक हळहळतात, म्हणून मुलीला तिथे न्यावे. चहावालीला तेवढे निमित्त पुरेल.

हे सगळे एका दिवसात उरकू नये. तिसऱ्या कपानंतर जीभ काही सांगेनाशी होते आणि रात्रीची झोपही जाते.

प्रश्न : जर्मन म्हटले की आम्हाला बिअर आठवते. हे कॉफीचे खूळ तिथे अलीकडचेच असणार ना?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : लोकांनी बिअरच प्यावी, असे प्रशियाचा, म्हणजे बर्लिन ज्याची राजधानी होती त्या जुन्या जर्मन राज्याचा, राजा दुसरा फ्रेडरिक यालाही वाटत होते. कॉफीपायी पैसा देशाबाहेर जातो या कारणाने त्याने 1781 मध्ये कॉफी भाजण्याचा हक्क सरकारकडे घेतला आणि घरात चोरून भाजलेली कॉफी वासावरून हुडकून काढण्यासाठी माजी सैनिक नेमले. लोक त्यांना ‘काफेरीशर’, म्हणजे कॉफी हुंगणारे, म्हणत. घराघरांत भाजली जात होती म्हणूनच हुंगावी लागत होती, हे आपण ध्यानात घ्यावे. सरकारचे कॉफीकडे आजही लक्ष आहेच : भाजलेल्या कॉफीवर किलोमागे 2.19 युरो इतका स्वतंत्र कर द्यावा लागतो, आणि आपण घेतलेल्या प्रत्येक पिशवीत तो मिसळलेला असतो.

कागदाचा फिल्टरही इथलाच. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी पितळेच्या भांड्याच्या बुडाला भोके पाडून त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला आणि 1908 मध्ये त्या युक्तीची नोंदणी केली. आज बर्लिनमधला मुलगा काचेच्या शंकूत कागद बसवून गंभीर चेहऱ्याने पाणी ओततो, तेव्हा तो एका गृहिणीचीच युक्ती करत असतो.

खूळ कशाला म्हणावे, तर पूर्व बर्लिनने काय सोसले ते ऐकावे. 1975 मध्ये ब्राझीलमध्ये कडाक्याची थंडी पडून कॉफीचे मळे करपले, जगभर भाव कडाडले, आणि परकीय चलनाची टंचाई असलेल्या पूर्व जर्मनीने 1977 मध्ये ‘काफे-मिक्स’ नावाचे मिश्रण बाजारात आणले. त्यात जवळजवळ निम्मा भाग वाटाण्याचे पीठ, राय आणि बार्लीसारख्या भरतीच्या वस्तूंचा होता. पश्चिम जर्मनीत ‘याकोब्स क्र्योनुंग’ नावाची कॉफी लोकप्रिय होती; क्र्योनुंग म्हणजे राज्याभिषेक. तिच्यावरून लोकांनी या मिश्रणाला आपले नेते एरिख होनेकर यांच्या नावाने ‘एरिख्स क्र्योनुंग’ म्हणायला सुरुवात केली. पश्चिमेच्या नातेवाइकांकडून येणाऱ्या खोक्यात कॉफीचे पुडके आहे की नाही, हे आधी पाहिले जाई. अखेर 1980 मध्ये पूर्व जर्मनीने व्हिएतनामशी करार करून तिथे मळे उभारायला मदत केली. त्या झाडांचे भरघोस पीक हाती येईपर्यंत पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही. व्हिएतनाम मात्र आज ब्राझीलच्या खालोखाल जगातला दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक आहे. तेव्हा कॉफी इथे जुनीच आहे. नवे आहे ते मळ्याचे नाव विचारणे.

प्रश्न : गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी बर्लिनला गेलो असताना सहकाऱ्यांनी एका नावाजलेल्या दुकानात नेले. काचेच्या भांड्यातून आलेली कॉफी चहासारखी पातळ, कोमट आणि चक्क आंबट होती. कॉफी बिघडली होती की माझी जीभ?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. कॉफीची बी ही एका लालचुटुक फळाची बी आहे आणि तिच्यात आंबटपणा मुळातच असतो. भट्टीत बी साधारण दोनशे अंशांच्या आसपास तापली, की लाह्यांसारखी तडतडते. बर्लिनमधले नवे भाजणारे या पहिल्या तडतडीनंतर लवकरच बिया बाहेर काढतात, म्हणून आंबटपणा आणि फळाचा वास टिकतो. आणखी भाजत राहिले तर दुसऱ्यांदा तडतड होते, बियांवर तेल सुटते, आंबटपणा जळून जातो आणि त्याच्या जागी कडूपणा येतो. आपली जीभ वाढली आहे ती अशा गडद भाजलेल्या, चिकोरी मिसळलेल्या आणि दूध-साखरेत उकळलेल्या कॉफीवर, त्यामुळे पहिला घोट विपरीत लागणारच.

तरीही सगळाच आंबटपणा माफ करण्याजोगा नसतो. कोकमाच्या सरबतासारखा असेल, म्हणजे आंबटामागून गोडसर चव येत असेल आणि घोट गिळल्यावरही मागे रेंगाळत असेल, तर तो बियांचा गुण आहे. कच्च्या कैरीसारखा नुसताच झोंबत असेल, किंचित खारट लागत असेल आणि गिळताच तोंड रिकामे होत असेल, तर पाण्याने पुडीतून चव पुरती काढलेली नाही. दळण जाडे राहिले, पाणी पुरेसे गरम नव्हते किंवा ओतणाऱ्याने घाई केली, यांपैकी काहीतरी घडलेले असते, आणि तसे सौम्य शब्दांत सांगितले तर चांगले दुकान दुसरा कप करून देते.

पुढच्या वेळी काउंटरजवळ उभे राहून पाहा. एका कपाला पंधरा ग्रॅम पूड आणि साधारण अडीचशे ग्रॅम पाणी, दोन्ही तराजूवर मोजून घेतले जाते. पाणी खळखळ उकळते नसते. उकळीच्या थोडे अलीकडे, 92 ते 96 अंशांवर असते. आधी पूड भिजेल इतकेच पाणी घालतात आणि अर्धा-पाऊण मिनिट थांबतात. बिया ताज्या असतील तर या वेळात ओली पूड घुमटासारखी फुगून वर येते, तिच्यावर बुडबुडे येतात, फुटतात आणि मग ती हळूहळू बसते. भाजताना बियांत अडकलेला वायू असा बाहेर पडतो. पूड मुकाट भिजली, फुगलीच नाही, तर पिशवीवर काहीही लिहिलेले असो, बिया शिळ्या आहेत. बाकीचे पाणी गोल धारेने घालून सगळे तीनेक मिनिटांत संपते. कोमट म्हणून जी तक्रार आपण केली आहे, तिच्याबद्दल एवढेच सांगतो, की ही कॉफी थोडी निवल्यावरच खुलते. चटका बसत असताना जिभेला फारसे काही कळत नाही.

इतके करूनही आवडली नाही, तर काउंटरवर सरळ सांगावे, की मला आंबट नको, ब्राझीलची किंवा भारतातली, शेंगदाण्या-चॉकलेटच्या वळणाची कॉफी द्या. यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : अशा दुकानात साखर मागणे असभ्य समजले जाते का? आणखी कोणते रीतिरिवाज पाळावे लागतात?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात एका दुकानात मी साखर मागितली, तेव्हा ‘आम्ही साखर ठेवत नाही’ असे मला अशा सुरात सांगण्यात आले, की मी जणू देवळात चपला घालून आलो होतो. त्या दुकानात मी पुन्हा गेलो नाही. माझे मत विचाराल तर पहिले दोन घोट साखरेवाचून घ्यावेत, कारण बियांनी गोडवा आणलेला असू शकतो, आणि मग हवी तर खुशाल मागावी. पैसे आपले आहेत आणि जीभही.

बाकी रीती थोड्या आहेत. बसून पिणार की नेणार हे आधी विचारतात. नेणार असाल तर ‘त्सुम मिटनेमन’ म्हणावे. 2023 पासून मोठ्या दुकानांना पुन्हा वापरता येणाऱ्या कपाचा पर्याय ठेवावाच लागतो आणि लहान दुकानांनी गिऱ्हाइकाने आणलेला कप भरून द्यायचा असतो, म्हणून घरचा झाकणाचा कप न्यायला संकोच नको. अनेक ठिकाणी शनिवार-रविवारी लॅपटॉप उघडू देत नाहीत.

प्रश्न : परत येताना बिया आणाव्यात का? आणि त्यांच्या कॉफीत जायफळ घातले तर चालेल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : जरूर आणाव्यात, पण अख्ख्या, दळून आणलेली पूड विमानातून उतरेपर्यंत निम्मी गेलेली असते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात भाजलेली पाव किलोची पिशवी घ्यावी. भाजल्यानंतर आठवडा-दोन आठवडे बियांना मुरायला लागतातच, ते प्रवासात आणि सामान लावण्यात निघून जातात. नाव मात्र नीट वाचून घ्यावे. बर्लिनच्या क्रॉइट्सबेर्ग भागातल्या एका दुकानाच्या फळीवर मला ‘रत्नागिरी’ असे नाव लिहिलेली पिशवी दिसली, कोकणच्या आठवणीने मी ती तत्काळ घेतली, आणि घरी येऊन चष्मा लावल्यावर कळले, की तो रत्नागिरी नावाचा मळा कर्नाटकात, चिकमगळूरला आहे. पुण्याच्या वाचकभगिनी ज्या जिल्ह्यातून बिया मागवतात तिथली कॉफी मी जर्मन कर भरून विकत घेतली होती. उत्तम होती.

जायफळाचे म्हणाल, तर इथिओपियाच्या हलक्या भाजलेल्या बियांत ते घालू नये. दोन्ही वाया जातील. त्यासाठी गडद भाजलेली ब्राझीलची कॉफी घ्यावी, दूध-साखर नेहमीसारखी उकळावी, आणि जायफळ किसणीवर न किसता सहाणेवर दोन वळसे उगाळून शेवटी घालावे.