डीएसएसचा चॅप्टर आणि चाळीतला कांदा

तुझं पत्र वाचलं. टीवाय बीबीएला डिसिजन सपोर्ट सिस्टीमचा (डीएसएस, म्हणजे निर्णय घ्यायला मदत करणारी कॉम्प्युटर सिस्टीम) चॅप्टर आहे, कॉलेजात सांगितलंय परीक्षेपुरतं पाठ करा, तुला वाटतंय एआय आल्यावर हे जुनं कशाला, आणि निफाडला घरी पप्पा म्हणतात कांदा कधी विकायचा ते कॉम्प्युटर सांगणार का. वर पाऊण लाखाचा डेटा अ‍ॅनालिटिक्सचा क्लास लावू का, हाही प्रश्न.

आधी पप्पांचं बघू, कारण ते अर्धं बरोबर बोलतायत आणि तुझा चॅप्टर तिथूनच सुरू होतो. १९७१ मध्ये एमआयटीच्या गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी निर्णयांचे प्रकार पाडले, काही निर्णय हिशोब केला की सुटतात, काही हिशोबात बसतच नाहीत, आणि मधले जे अर्धे-अर्धे असतात तिथे मशिनने आकडेमोड करायची आणि ठरवायचं माणसानं, म्हणून नावात सपोर्ट आहे. आता तुमची कांदा साठवायची चाळ घे. समजा १०० क्विंटल उन्हाळ कांदा भरला, आज भाव क्विंटलला १५०० आहे आणि चार महिन्यांत २५ टक्के घट आली, तर नुसतं तेवढेच पैसे सुटायला तेव्हा भाव २००० लागतो, मजुरी वेगळीच. हे मशिन सांगेल. पण ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ते कुठल्या शीटमध्ये होतं? तिथे पप्पाच लागतात.

पूर्वी हे सगळं मोठ्या कंपनीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे सगळ्यांच्या मिळून एका मोठ्या कॉम्प्युटरवर चालायचं, साहेबाला रिपोर्ट हवा तर कॉम्प्युटर विभागाकडे मागून वाट बघायची. १९७९ ला अ‍ॅपल टू वर व्हिजिकॅल्क आलं, म्हणजे एक्सेलसारखी स्प्रेडशीट, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलायचे, आणि भाव पडला तर काय, घट वाढली तर काय हे मॅनेजर स्वतःच करून बघायला लागला. माझ्या मते सगळ्यात मोठी उडी हीच, एआयपेक्षाही. पुढे नव्वदीत डेटा वेअरहाऊस (सगळा डेटा एका जागी), ओलॅप (तोच डेटा वेगवेगळ्या बाजूंनी पटकन बघणं), मग बीआय म्हणजे बिझनेस इंटेलिजन्स, डॅशबोर्ड. या सगळ्याच्या आधी, सत्तरीत, स्टॅनफर्डचं मायसिन नावाचं सॉफ्टवेअर होतं, रक्तातल्या इन्फेक्शनला कुठलं अँटिबायोटिक द्यायचं ते सांगायचं, चाचणीत तज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरलं तरी दवाखान्यात रोजच्या कामाला कधी लागलं नाही, चुकलं तर जबाबदार कोण हा प्रश्न होताच. तोच प्रश्न आज एआयला विचारतात. म्हणून चॅप्टर पाठ करू नकोस, समजून घे.

क्लास आत्ता नको. अगदी मनापासून सांगतो, पप्पांचे पाऊण लाख असे घालवू नकोस. नाशिकला सातपूर-अंबडच्या कंपन्यांत एमआयएस एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे आकड्यांचे रिपोर्ट बनवणाऱ्याच्या जागा निघतात, तिथे आधी एक्सेलच बघतात, पिव्होट (आकड्यांचा गोषवारा), लूकअप (एका यादीतलं दुसरीत शोधणं), आणि समोरच्या आकड्यातून काय दिसतंय ते सांगता येतं का. एक्सेल पक्कं कर, मग एसक्यूएल (डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा), मग पॉवर बीआय (डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर), त्याचं डेस्कटॉप व्हर्जन फुकट मिळतं.

आणि घरातल्या तीन वर्षांच्या हिशोबपट्ट्या काढ, चाळीत किती गेला, किती निघाला, कुठल्या तारखेला काय भाव मिळाला, सगळं एका शीटमध्ये भर. प्रत्येक विक्रीपुढे पप्पांना विचारून लिही की त्या दिवशी का विकला. पैशाची नड होती, पाऊस होता की कांद्याला कोंब फुटत होते, जे असेल ते. तो कॉलम कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही गं. भरून झाली की शीट पाठव, मी बघतो.