अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस अप्रूव्ह करताना

तू आता अप्रूव्हर झालायस ना, तर एक पक्कं कर, रिक्वेस्टवर 'अर्जंट' लिहिलंय म्हणून डोळे झाकून अप्रूव्ह दाबायचं नाही. कुठला सर्व्हर, नेमकं काय करायचंय, किती वेळ, तिकीट नंबर काय, एवढं विचारच. 'प्रॉडक्शनवर (म्हणजे लोक वापरतात त्या चालू सिस्टीमवर) काम आहे' हे कारणच नव्हे, 'अमुक टेबलचा इंडेक्स परत बनवायचाय, 2 तास लागतील' याला कारण म्हणतात. आणि अ‍ॅक्सेस तेवढ्याच वेळापुरता दे, वेळ संपली की आपोआप गेला पाहिजे, कारण नंतर काढू म्हटलं की कोणी काढत नाही, माणूस टीम बदलून जातो तरी रूट, म्हणजे सर्व्हरवरचा सगळा अधिकार, तसाच राहतो. एखादी सर्व्हिस रिस्टार्टच करायची असेल तर सुडोमध्ये (साध्या युजरला अ‍ॅडमिनच्या कमांड चालवू देणारी सोय) तेवढी एकच कमांड दे ना, 'ऑल' लिहून सगळ्याच कमांड कशाला उघडायच्या! स्वतःची रिक्वेस्ट स्वतः अप्रूव्ह करायची नाही, मॅनेजर असलास तरी. इमर्जन्सीचं ब्रेक ग्लास अकाउंट, म्हणजे नेहमीची वाट बंद पडली तरच वापरायचं अ‍ॅडमिन अकाउंट, वेगळं ठेव, ते वापरलं की लगेच अलर्ट यायला हवा आणि काम झालं की पासवर्ड बदलायचा. सर्व्हिस अकाउंट्स, म्हणजे माणूस नाही तर प्रोग्रॅम वापरतात ती, मात्र सगळे विसरतात, अ‍ॅक्सेस कोणाकोणाकडे आहे याचा रिव्ह्यू करताना आधी तीच बघ, मालक कोण ते सापडलं नाही तर डिसेबल करायच्या आधी लॉगमध्ये शेवटचं लॉगिन तपास.