एचआयव्हीचं औषध मोफत असेल, तर पेशंटचे पैसे नेमके जातात कशात?

तुमच्या भावाची एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा गोळ्यांचा उपचार, सुरू होणार आहे, गोळ्या फुकट मिळणार आहेत, तरी पैशांची तयारी ठेवायची का, असं तुम्ही विचारलंय. ठेवाच. गोळ्यांना पैसे पडत नाहीत, हेलपाट्यांना पडतात. म्हणून हिशोब महिन्याचा न करता एका फेरीचा करा: येण्याजाण्याचं भाडं, बाहेरचं चहापाणी-जेवण, त्या दिवसाचा खाडा. अशक्तपणा असेल तर सोबत येणाऱ्याचं भाडं आणि त्याचाही खाडा. बहुतेक जण फक्त भाडं मोजतात. रोजंदारीवाल्याचं खरं नुकसान खाड्यात असतं.

ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून पुष्कळ जण जवळचं एआरटी केंद्र सोडून लांबचं धरतात. त्यात चूक काही नाही, पण हे वाढीव भाडं दर फेरीला पडणार आहे, एवढं आधी कागदावर मांडून बघा.

सगळ्यात जड जातात ते पहिले सहा महिने. फेऱ्या जवळजवळ असतात, त्यात तपासण्या. सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) आणि व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते) बहुधा मोफत उपचारांच्या कार्यक्रमात धरलेले असतात. एक्स-रे, सोनोग्राफी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), भरती व्हावं लागलं तर तो खर्च, हे अनेकदा नसतात. उपचार उशिरा सुरू झाले, म्हणजे सीडी4 200 च्या खाली असताना, तर टीबी किंवा मेंदूज्वरासारखे आजार सोबत असण्याची शक्यता वाढते. शिवाय गोळ्या सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती जागी होते आणि दबून असलेला आजार पहिल्या काही आठवड्यांत उफाळू शकतो. हाताशी ठेवलेले पैसे तेव्हा लागतात.

‘ही तपासणी बाहेरून करून आणा’ असं सांगितलं, तर दोन प्रश्न विचारा: ही फुकट कुठे होते, आणि रिपोर्टशिवाय गोळ्या सुरू होणार नाहीत का? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 पासून सीडी4 कितीही असला तरी उपचार सुरू करा असंच सांगितलंय, त्यामुळे नुसत्या सीडी4 च्या रिपोर्टसाठी थांबायचं कारण नाही. मात्र खोकला, ताप, सतत डोकेदुखी असेल तर आधी तपासून घेणंच योग्य.

खरी बचत पुढे आहे. उपचारांना किमान सहा महिने झाले, दुसरा आजार नाही, व्हायरल लोड दबलेला आहे, तर एका वेळी तीन ते सहा महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, अशी याच संघटनेची शिफारस आहे. दरमहा म्हणजे वर्षाला 12 फेऱ्या, सहामाही म्हणजे 2. पण हे आपोआप होतंच असं नाही. सहाव्या महिन्याचा व्हायरल लोड चांगला आला की स्वतःहून मागा. पुढची तपासणी बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. नमुना गोळ्या घ्यायला जाल त्याच दिवशी द्यायचा आणि रिपोर्ट फोनवर विचारायचा. एवढ्याने दोन फेऱ्या वाचतात.

भाडं वाचवायला गोळ्या दिवसाआड घेणं हा सगळ्यात महागडा उपाय. व्हायरल लोड 1000 च्या वर गेला की समुपदेशन, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, गरज पडली तर औषध बदल. म्हणजे पुन्हा फेऱ्याच फेऱ्या.

‘ताकदीच्या’ टॉनिकवर बराच पैसा जातो, आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो. त्यातलं कॅल्शियम, लोह, झिंक हे एआरटीतल्या डोलुटेग्राविर या औषधाला रक्तात नीट उतरू देत नाही. डॉक्टरांनी अशी गोळी दिलीच असेल, तर डोलुटेग्राविर तिच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. अ‍ॅसिडिटीच्या मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमवाल्या औषधालाही हेच अंतर. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्राविरचा 50 मिलिग्रॅमचा दुसरा डोस 12 तासांनी लागतो. ही जादा गोळी केंद्राकडूनच मागा, दुकानातून विकत आणू नका.

साठा कमी असला की पंधरा दिवसांच्या गोळ्या हातात देऊन पुन्हा बोलावतात. निघण्यापूर्वी फोन करून साठा विचारा, आणि डबी संपायच्या आठवडाभर आधीची तारीख घ्या. कामासाठी दुसऱ्या गावी जाणार असाल तर हस्तांतराची चिठ्ठी आणि शेवटचा रिपोर्ट सोबत न्या. नाहीतर तिथे तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतात.