सड्यावरच्या रानफुलांचं बी कुंडीत का उगवत नाही?

तुमचा प्रश्न असा: ऑक्टोबरमध्ये गावच्या सड्यावरून (जांभ्या कातळाच्या पठारावरून) कवला, तेरडा, सीतेची आसवं आणि गेंद यांचं बी आणलं, चांगल्या खतमातीत लगेच पेरलं, रोज पाणी घातलं, आणि दीड महिन्यात एक कोंबही नाही. बी मेलं का?

बहुतेक नाही. मी रत्नागिरीकडचा, आमच्या घरामागेच कातळ आहे. हाच उद्योग मीही करून बसलोय, तेव्हा अनुभवाने सांगतो.

जांभ्याच्या सड्यावर माती किती असते? खळग्यात चार बोटं, बाकी ठिकाणी नखभर. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, पण पाऊस थांबला की आठवड्याभरात पुन्हा तापलेला तवा. आता परतीचा पाऊस आठवा. माती ओली, हवा उबदार, उगवायला सगळं कसं छान! पण त्या पाण्यावर जे रोप उगवेल ते दिवाळीपर्यंत वाळून जाईल, फूल-बी धरणं दूरच. म्हणून यातल्या बऱ्याच झाडांचं बी नुसत्या पाण्याला भुलत नाही. आधी त्याला कोरडा, कडक उन्हाळा सोसावा लागतो, आणि त्या काळातच त्याची झोप हळूहळू उतरते. तुम्ही नेमका तो उन्हाळाच वगळलात.

कवल्याची गोष्ट थोडी निराळी. (हीच ती पावसाळ्यात भाजी करतो ती.) तो शेंगवर्गातला, आणि या वर्गात पुष्कळ बियांचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही. कातळावर दिवसाची भाजणी आणि रात्रीचा गारवा सोसून ते कवच सैल पडतं. घरी पॉलिश पेपरवर बी हलकेच घासा, तेवढ्यानेही काम होतं. मी एकदा उत्साहात इतकं घासलं की आतली डाळच निघाली.

गेंद आणि सीतेची आसवं यांचं बी मात्र धुळीसारखं बारीक. त्यात शिदोरी जवळजवळ नाहीच, खोल मातीतून वर येण्याएवढं बळ कुठून येणार? अशा बियांना बहुधा उजेड लागतो. तुम्ही वर बोटभर माती ओढली असेल तर तिथेच खेळ संपला. शिवाय सीतेची आसवं हे कीटक खाणारं झाड, निकस जागेतलं. खतमाती त्याला सोसत नाही, क्षारांचं नळाचं पाणीही नाही.

आणि पहिल्या सरीत एवढं हलकं बी वाहून कसं जात नाही? बरंच जातंही. जे चिरेत, शेवाळात, वाळल्या गवताच्या मुळाशी अडकतं ते टिकतं. काहींची स्वतःची युक्ती असते. कातळावर जमिनीलगत चेंडूसारखी बोंडं धरणाऱ्या लेपिडॅगॅथिसच्या बियांवर केस असतात, ते भिजले की बुळबुळीत होऊन चिकटतात. सब्जा भिजवून बघा, साधारण तसंच. घाटातली कारवी तर सात वर्षांनी फुलते आणि सुकलेली बोंडं तशीच अंगावर बाळगते. पुढच्या वर्षीचा पाऊस लागला की ती फटाफट फुटतात, रानात आवाज येतो.

आता काय करायचं ते. उरलेलं बी कागदी पाकिटात घालून पत्र्याखालच्या खोलीत मे संपेपर्यंत ठेवा. फ्रिजमध्ये नको. पसरट थाळीत चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) चुरा आणि सड्यावरचीच थोडी माती घ्या, खत शून्य. शेतकरी भाताची धूळवाफ करतात तसं मृगाच्या आधी कोरड्यातच पेरा. बारीक बी वाळूत मिसळून नुसतं वर भुरभुरवा, झाकू नका. पुढचं काम पावसाचं.

एक विनंती, बी आपल्या गावच्या सड्यावरचंच घ्या, तेही चिमूटभर. कासला जाऊन गोळा करू नका, तिथे फुलं तोडायलाही बंदी आहे.

आधीची कुंडी फेकू नका. पाणी बंद करा आणि जूनपर्यंत उन्हात तापू द्या. कवला-तेरड्याचं कुजलं नसेल ते बी तेव्हा वर येऊ शकतं. फक्त पहिल्या पंधरवड्यात दिसेल ते तण समजून उपटू नका, तेरड्याचं रोप मी स्वतः दोनदा असं उपटलंय.