एक्सलिबमध्ये (एक्स सर्व्हरशी, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या प्रोग्रामशी, बोलायची लायब्ररी) प्रत्येक मॉड्यूलने सर्व्हरशी स्वतःचं डिस्प्ले कनेक्शन उघडावं का? आणि ते बंद कधी करायचं?

नाही. एका प्रोसेसला एक कनेक्शन पुरतं. विंडो कितीही असोत, त्या सगळ्या एकाच डिस्प्ले पॉइंटरवर सुखाने राहतात.

तुम्ही लिहिलंय की तुमचा प्रोग्राम मधूनच अडकतो, आणि टीममधल्या अनुभवी माणसाचा आग्रह आहे: प्रत्येक फंक्शनने कनेक्शन उघडावं, काम करावं, बंद करावं, म्हणजे कुणी कुणावर अवलंबून राहत नाही. नेमका हाच युक्तिवाद मी पूर्वी ऐकलाय आणि त्याचे परिणामही निस्तरलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं एक पॅनेल होतं. दिवसभर चालू राहायचं, उघड्या विंडोंची शीर्षकं दाखवायचं. आमच्या लीडनी त्यातलं प्रत्येक फंक्शन याच पद्धतीने लिहिलं होतं: वर एक्सओपनडिस्प्ले, खाली एक्सक्लोजडिस्प्ले. काही जणांच्या मशीनवर काही तासांनी नवीन काहीच उघडेनासं व्हायचं. ना टर्मिनल, ना ब्राउझर. आधीपासून उघडं असलेलं मात्र व्यवस्थित चालायचं. जुन्या टर्मिनलमधून काही चालवलं की उत्तर यायचं, 'मॅक्सिमम नंबर ऑफ क्लायंट्स रीच्ड'. लीडचं निदान: ग्राफिक्स ड्रायव्हर. ड्रायव्हर बदलून झाला. मग म्हणाले, एक्सऑर्गची (म्हणजे आमच्या एक्स सर्व्हरची) क्लायंटची, म्हणजे जोडलेल्या कनेक्शनची, मर्यादा मुळात 256 असते, ती 512 करू.

मी पॅनेलच्या प्रोसेसचा एफडी फोल्डर (तिने उघडलेल्या फाइल आणि सॉकेटची यादी) उघडून बघितला. सॉकेटच सॉकेट (प्रत्येक म्हणजे एका कनेक्शनचं आपल्याकडचं टोक), आणि मी बघत असतानाच वाढत होते. सगळे एक्स सर्व्हरकडे जाणारे. शोधत गेलो तर शीर्षक वाचणाऱ्या फंक्शनपाशी पोचलो. ते कनेक्शन उघडायचं, 'नेट डब्ल्यूएम नेम' ही विंडोच्या शीर्षकाची प्रॉपर्टी मागायचं आणि ती मिळाली नाही तर तिथूनच रिकामं परतायचं. क्लोजची ओळ त्याच्या खाली. जुने प्रोग्राम फक्त 'डब्ल्यूएम नेम' ही शीर्षकाची जुनी प्रॉपर्टी लावतात, त्यामुळे असला एखादा प्रोग्राम चालू असला की दर वेळी एक कनेक्शन गळायचं. लीडच्या मशीनवर तसा एकही प्रोग्राम नव्हता, म्हणून त्यांना कधी काही दिसलंच नाही.

त्यांचं म्हणणं पडलं, एक ओळ राहिली, ती टाक, विषय संपला. माझ्या मते विषय तिथे सुरू होतो. कनेक्शन बंद करायची जबाबदारी कोडमध्ये शंभर ठिकाणी वाटली, तर कुठेतरी ती सुटणारच. शिवाय प्रत्येक वेळी उघडणं म्हणजे सॉकेट जोडणं, परवानगीची कुकी तपासून घेणं, सर्व्हरकडून स्क्रीन आणि व्हिज्युअल्सची (रंग दाखवण्याच्या पद्धतींची) अख्खी यादी घेणं आणि अ‍ॅटम (प्रॉपर्टीच्या नावांचे क्रमांक) पुन्हा मागणं. लोकल मशीनवर हे जाणवत नाही. एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या मशीनवरून, चालवा, प्रत्येक हेलपाटा डोळ्यांना दिसतो.

गळतीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे कनेक्शनसोबत तुमची मालमत्ता जाते. त्याच पॅनेलमध्ये 'कॉपी' बटण होतं. फंक्शन कनेक्शन उघडायचं, छोटी विंडो बनवून क्लिपबोर्डची मालकी घ्यायचं आणि बंद करायचं. पेस्ट केलं की काहीच येत नसे. येणार कसं? एक्समध्ये मजकूर सर्व्हरकडे साठवला जात नाही, मागणाऱ्याला तो मालकाने द्यायचा असतो. कनेक्शन बंद झालं की सर्व्हर त्या क्लायंटच्या विंडो, पिक्समॅप (सर्व्हरकडे ठेवलेली चित्रं) सगळं मोडतो, मालकी गेली. यावर लीडनी बंद करण्याआधी थोडं थांबायची ओळ टाकली होती. ती मी रिव्ह्यूमध्ये अडवली आणि आजही अडवेन.

आता तुमच्या कोडबद्दल. मेनमध्ये एकदा उघडा, नल आला, म्हणजे कनेक्शन मिळालं नाही, तर तिथेच स्पष्ट संदेश देऊन थांबा, आणि पॉइंटर खाली पाठवत जा. ज्याने उघडलं त्यानेच बंद करायचं. प्रोग्राम संपताना क्लोज राहिलं तर फार बिघडत नाही, कर्नल सॉकेट मिटवतो आणि सर्व्हर आवरतो. पण बफरमध्ये अडकलेल्या शेवटच्या रिक्वेस्ट जाव्यात म्हणून व्यवस्थित बंद केलेलं बरं.

इव्हेंट एकाच थ्रेडने वाचावेत. लिबएक्स11 च्या 1.8 पासून, म्हणजे 2022 नंतर, एक्सइनिटथ्रेड्स (एक्सलिबला अनेक थ्रेडसाठी तयार करणारं फंक्शन) आपोआप बोलावलं जातं. त्याआधीच्या आवृत्तीवर ते सगळ्यात पहिलं बोलावावं लागतं. कनेक्शननंबर (सॉकेटचा क्रमांक) घेऊन पोल करत, म्हणजे सॉकेटवर काही येण्याची वाट बघत असाल, तर त्याआधी एक्सपेंडिंग (रांगेत किती इव्हेंट आहेत ते) तपासा. इव्हेंट बरेचदा सॉकेटमधून आधीच उचलले जाऊन एक्सलिबच्या रांगेत पडलेले असतात. पोलला ते दिसत नाहीत आणि माउस हलवेपर्यंत प्रोग्राम गोठल्यासारखा वाटतो. तुम्ही सांगितलेलं 'मधूनच अडकतं' हे बहुधा हेच असावं.

फोर्क केल्यावर (प्रोसेसची प्रत काढल्यावर) चाइल्डमध्ये, म्हणजे त्या प्रतीत, एक्सक्लोजडिस्प्ले कधीही बोलावू नका. ते आधी सिंक करतं, म्हणजे पेरेंटच्या, मूळ प्रोसेसच्याच, सॉकेटवर लिहितं आणि त्याचे रिप्लाय पळवतं. तिथे नुसता तो सॉकेट क्लोज करायचा.

दुसरं कनेक्शन कधीच नको, असंही नाही. रेकॉर्ड एक्स्टेन्शनला (इतर क्लायंटचे इव्हेंट नोंदवायची सोय) एक कनेक्शन नियंत्रणासाठी आणि एक डेटासाठी लागतं. काही लायब्ररी आपलं आपण उघडतात, तिथे इलाज नसतो. फक्त एकावर एक्सग्रॅबसर्व्हर केलं (बाकी सगळ्या कनेक्शनचं काम थांबवलं) असताना दुसऱ्यावर उत्तराची वाट बघू नका, प्रोग्राम स्वतःलाच कुलूप लावून बसेल. वेलँडचे (एक्सच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचे) नियम वेगळे आहेत, पण तिथेही मी प्रोसेसला एकच कनेक्शन ठेवतो.

तुमच्या सहकाऱ्यांना एक प्रश्न नक्की विचारा. दोन कनेक्शनवरच्या रिक्वेस्टचा आपसातला क्रम सर्व्हर पाळत नाही. एका मॉड्यूलने विंडो बनवली, ती रिक्वेस्ट अजून बफरमध्येच आहे, आणि दुसऱ्याने आपल्या कनेक्शनवरून त्याच आयडीवर चित्र काढलं, तर बॅडड्रॉएबल ही एरर. कधी येणार, कधी नाही. ते टाळायला पहिल्याने एक्ससिंक करून (रिक्वेस्ट पोचून पूर्ण होईपर्यंत थांबून) दुसऱ्याला कळवायला हवं, म्हणजे ती मॉड्यूल एकमेकांवर अवलंबून राहिलीच. मग वेगळ्या कनेक्शनने मिळवलं काय? मी रिव्ह्यूमध्ये हेच विचारलं होतं. लेखी उत्तर आलं नाही, पण पुढच्या रिलीजमध्ये पॅनेलला एकच कनेक्शन होतं.