४०एक्सवर सगळं धुकट दिसतं. मायक्रोस्कोप उघडून साफ करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वापरलेला, दोन आयपीसचा (डोळ्याजवळच्या भिंगांचा) मायक्रोस्कोप हाती आलाय. १०एक्सपर्यंत (दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगापर्यंत) चित्र बरं दिसतं, ४०एक्सवर धुकं, १००एक्सवर जवळजवळ अंधार. भिंगं सुटी करून पुसावीत का आणि शिकायला सुरुवात कुठून करावी?

उघडू नका. एकही स्क्रू सैल करू नका. ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाच्या नळीच्या, आत अनेक छोटी भिंगं अगदी ठरावीक अंतरावर बसवलेली असतात. ती एकदा हलली की घरी परत जागेवर येत नाहीत. शिवाय तुम्ही सांगताय ती लक्षणं आतल्या दोषाची वाटत नाहीत. प्रयोगशाळेत नव्या मुलांना मायक्रोस्कोप शिकवणं हे माझं काम आहे, आणि "फॉर्टी एक्स गेलंय" ही तक्रार मी सतत ऐकतो. बहुतेक वेळा भिंग शाबूत असतं आणि कारण बाहेरच सापडतं.

सगळ्यात आधी स्लाइड उलटी नाही ना, ते बघा. ४०एक्स ऑब्जेक्टिव्हचं टोक फोकसच्या वेळी कव्हरस्लिपपासून (नमुन्यावर झाकायच्या पातळ काचेपासून) साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटरवर असतं. स्लाइडची काच एक मिलिमीटरच्या आसपास जाड असते. म्हणजे कव्हरस्लिप खालच्या बाजूला गेली, तर ४०एक्सला नमुन्यापर्यंत पोचताच येत नाही. १०एक्सला मात्र काही मिलिमीटरची मोकळीक असते, म्हणून त्याच्यावर सगळं ठीक दिसतं. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे.

मग कव्हरस्लिप. ऑब्जेक्टिव्हवर ४०/०.६५ आणि त्याखाली १६०/०.१७ असं काहीतरी कोरलेलं असेल. ४० म्हणजे किती पट मोठं, ०.६५ हे न्यूमरिकल अपर्चर (भिंग किती तिरके किरण आत घेतं त्याचं माप), १६० ही नळीची लांबी मिलिमीटरमध्ये (नव्या यंत्रांवर तिथे अनंताचं चिन्ह असतं), आणि ०.१७ ही कव्हरस्लिपची जाडी, तीही मिलिमीटरमध्ये. हे भिंग तेवढ्या जाडीची काच मध्ये आहे असं धरूनच घडवलेलं असतं. कव्हरस्लिप लावलीच नाही, किंवा तिच्याखाली पाण्याचा जाड थर राहिला, की चित्र दुधाळ होतं. ४एक्स आणि १०एक्सला याने फारसा फरक पडत नाही.

तिसरी शक्यता वाळलेल्या तेलाची, आणि वापरलेल्या यंत्रात ती मला सर्वांत दाट वाटते. १००एक्सला तेल लागतं. ते बघून झाल्यावर कुणी तेल न पुसता ४०एक्स फिरवून आणलं, की त्याचं टोक तेलात बुडतं. तपासायला एक आयपीस काढा, उलटा धरा आणि त्यातून भिंगासारखं ऑब्जेक्टिव्हचं टोक बघा, उजेड तिरका पडू द्या. काच काळीभोर, स्वच्छ चमकली पाहिजे. त्यावर इंद्रधनुषी किंवा पिवळट साय दिसली, तर गुन्हेगार सापडला.

पुसण्याची रीत अशी: आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा, कारण कोरड्या काचेवर धूळ घासली की ओरखडा कायमचा. मग लेन्स पेपरची घडी करून त्यावर थोडंसं लेन्स क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. थेंब थेट भिंगावर टाकू नका, तो कडेने आत शिरून भिंगं जोडणारा डिंक सैल करू शकतो. मधून सुरू करून गोल फिरवत कडेकडे या, तो कागद टाका, नवा घ्या. रुमाल, सदऱ्याचं टोक, साधा टिश्यू यातलं काहीही चालत नाही.

१००एक्सचा अंधार वेगळा. ते ऑब्जेक्टिव्ह कोरडं वापरायचं नसतंच. काचेतून हवेत येताना तिरके किरण वाकून बाहेर निसटतात. इमर्शन तेलाचा (१००एक्ससाठीच्या खास तेलाचा) अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, सुमारे १.५१५, म्हणजे काचेच्या जवळपास तितकाच, त्यामुळे ते किरण सरळ भिंगात शिरतात. तेल घालूनही १००एक्सचं चित्र १०एक्सच्या मानाने पाव उजेडाचंच असतं, तेव्हा दिवा वाढवायला संकोच करू नका. काम संपलं की त्याच दिवशी तेल पुसा.

आता शिकण्याबद्दल. माझं ठाम मत आहे की नवशिक्याने मोठं करून बघण्याच्या मागे न लागता आधी प्रकाश लावायला शिकावं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिलं की दोन बिंदू वेगळे दिसणं हे प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि न्यूमरिकल अपर्चरवर अवलंबून असतं. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉनचा धरा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ०.२५ अपर्चरच्या १०एक्सला सुमारे १.१ मायक्रॉनपर्यंतचा तपशील कळतो, ०.६५ च्या ४०एक्सला ०.४२, आणि १.२५ च्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला ०.२२. त्याच्या पलीकडे २०एक्सचा आयपीस लावून मोठा होतो तो फक्त धूसरपणा. मायक्रोस्कोपने जीवाणू बघणारा डच संशोधक लेवेनहूक याने १६८३ साली दातांवरच्या किटणातले जीवाणू वर्णन करून पाठवले, तेही एकाच बारीक भिंगातून. त्याच्या आज टिकून असलेल्या यंत्रांत सर्वांत ताकदवान आहे ते सुमारे २७० पटींचं.

आणि हे अपर्चर पूर्ण कामाला येतं ते स्टेजखालचा (स्लाइड ठेवायच्या पाटाखालचा) कंडेन्सर, म्हणजे नमुन्यावर प्रकाश एकवटणारं भिंग, नीट लावला तरच. लोक वर्षानुवर्षं मायक्रोस्कोप वापरतात आणि त्याला हात लावत नाहीत, याची मला खरंच हळहळ वाटते. दिव्यावर स्वतंत्र फील्ड डायफ्रॅम (उजेडाचं भोक लहानमोठं करणारी झडप) असेल तर ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ मध्ये दिलेली पद्धत वापरा: १०एक्सवर नमुना फोकस करा, फील्ड डायफ्रॅम बारीक करा, कंडेन्सर वरखाली करून त्या भोकाची कड चित्रात रेखीव आणा, स्क्रूने ती मधोमध घ्या, मग कड दृष्टिक्षेत्राच्या जेमतेम बाहेर जाईपर्यंत उघडा. असा डायफ्रॅम नसेल तर कंडेन्सर जवळजवळ वरपर्यंत नेऊन किंचित खाली घ्या, एवढं पुरतं.

त्यानंतर कंडेन्सरचा स्वतःचा डायफ्रॅम. एक आयपीस काढून नळीतून खाली बघा. उजेडाचं वर्तुळ दिसेल. डायफ्रॅम मिटत आणा आणि वर्तुळाचा तीन चतुर्थांश व्यास उजळ राहिला की थांबा. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला हे पुन्हा करायचं. उजेड फार झाला म्हणून हा डायफ्रॅम मिटू नका, त्यासाठी दिव्याची कळ आहे. तो फार मिटला की सगळ्याला जाड काळी किनार येते, चित्र ठसठशीत भासतं आणि बारीक तपशील पुसला जातो. डबक्याच्या पाण्यातला पारदर्शक अमिबा शोधताना मीसुद्धा तो थोडा जास्त मिटतो, पण जाणूनबुजून.

पहिला नमुना म्हणून छापील अक्षराचा तुकडा घ्या. अक्षर उलटं दिसेल, आणि स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे जाईल. हाताला ती सवय लागू द्या. मग कांद्याचा पापुद्रा आयोडीनच्या थेंबात. नेहमी ४एक्सपासून सुरुवात. १०एक्सवर जाताना बाजूने बघत स्टेज भिंगाजवळ न्या आणि आयपीसमधून बघताना फक्त दूर नेत फोकस करा, म्हणजे काच फुटत नाही. ४०एक्सवर गेल्यावर कोअर्स (मोठ्या हालचालीच्या) नॉबला हात लावायचा नाही, फक्त फाइन (बारीक हालचालीच्या) नॉबला. ऑब्जेक्टिव्ह बदलताना त्यांना धरून ओढू नका, वरची दातेरी कडी फिरवा. दोन्ही आयपीसमधलं अंतर डोळ्यांप्रमाणे जुळवा. डायॉप्टरची कडी बहुधा डाव्या आयपीसवर असते. तसं असेल तर उजव्या डोळ्याने फोकस करून डावीकडचा फरक त्या कडीने काढा. हे टाळलं तर डोकं दुखतं.

चित्रात ठिपका दिसला की लगेच पुसायला धावू नका. आयपीस फिरवा, ठिपका सोबत फिरला तर तो तिथे आहे. स्लाइडबरोबर सरकला तर स्लाइडवर. कंडेन्सर वरखाली केल्यावर पुसट झाला तर खाली, कंडेन्सरवर किंवा दिव्याच्या काचेवर. ऑब्जेक्टिव्हवरची घाण सहसा ठिपका म्हणून दिसत नाही, ती सगळ्या चित्रावर धुकं आणते.

बाकी निगा सोपी आहे. उचलताना एक हात मानेवर, दुसरा बुडाखाली. हॅलोजन दिवा गार झाल्याशिवाय हलवू नका. आच्छादन घाला, आणि आयपीसची भोकं कधी उघडी ठेवू नका. खरा शत्रू दमट हवा: भिंगांच्या आत बुरशी जाळं विणते आणि ती काचेवरचा लेप खाते. बंद पेटीत महिनोन् महिने ठेवण्यापेक्षा खेळत्या हवेत आच्छादनाखाली ठेवा. पेटीच वापरायची तर सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी तापवून कोरडं करा. आत कोळिष्टकासारखं काही दिसलं तर मात्र ते तंत्रज्ञाचं काम.

आज स्लाइडची बाजू, कव्हरस्लिप आणि ४०एक्सचं टोक एवढं तपासा. त्यानंतरही धुकं राहिलं तर ऑब्जेक्टिव्हवर कोरलेले आकडे आणि कंडेन्सर कुठवर वर आहे ते इथे लिहा, पुढे बघू.