‘सुपरग्रुप’, ‘हिडन ट्रॅक’ आणि चोरकप्प्यातले गाणे

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेतील कंट्री संगीताविषयीच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद चालू असून त्यात ‘द हायवेमेन’ या चार गायकांच्या गटाला ‘सुपरग्रुप’ म्हटले आहे, आणि पुढे ध्वनिमुद्रिकांवरील ‘हिडन ट्रॅक’ची चर्चा आहे. सुपरग्रुपसाठी ‘महागट’ आणि हिडन ट्रॅकसाठी ‘गुप्त गीत’ किंवा ‘छुपे गाणे’ हे शब्द योजावेत का? गटाच्या नावाचा अर्थ ‘महामार्गावरचे लोक’ असा द्यावा का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. तसा अर्थ देऊ नये. इंग्रजीत ‘हायवेमन’ म्हणजे घोड्यावरून येऊन रस्त्यात प्रवाशांना अडवून लुटणारा, आणि मराठीत त्याला ‘वाटमाऱ्या’ हा नेमका शब्द शतकानुशतके आहे. गटाचे नाव ज्या गाण्यावरून पडले ते गीतकार जिमी वेबचे ‘हायवेमन’ हे गाणे चार कडव्यांचे आहे. त्यातला आत्मा एकच आणि जन्म चार : पहिल्यात वाटमाऱ्या, दुसऱ्यात खलाशी, तिसऱ्यात कोलोरॅडो नदीवरील धरणाच्या कामावरचा मजूर आणि चौथ्यात अंतराळयानाचा कप्तान. विली नेल्सन, क्रिस क्रिस्टोफरसन, वेलन जेनिंग्ज आणि जॉनी कॅश यांनी ही कडवी याच क्रमाने एकेक वाटून घेतली आहेत. पुनर्जन्माची ही कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही, परंतु पहिल्या जन्मातला तो माणूस वाटमाऱ्या आहे हे कळले नाही, तर फासावर जाऊनही ‘मी अजून जिवंत आहे’ म्हणणाऱ्या त्या आवाजाचा ताठा हरवतो. म्हणून विशेषनाम तसेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाजवळ ‘म्हणजे वाटमारे’ एवढे सांगून पुढे जावे.

आता ‘सुपरग्रुप’. हा शब्द १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक संगीताच्या संदर्भात रूढ झाला. त्याचा अर्थ ‘फार मोठा गट’ किंवा ‘फार यशस्वी झालेला गट’ असा नाही. ज्याचे सदस्य गट स्थापन होण्यापूर्वीच, स्वतंत्रपणे किंवा अन्य गटांतून, नावारूपाला आलेले असतात तो सुपरग्रुप. चार अनोळखी मुले एकत्र आली आणि पुढे जगभर गाजली, तर तो गट कितीही थोर असला तरी या अर्थाने सुपरग्रुप ठरत नाही. ‘महागट’ या शब्दाची अडचण नेमकी इथे आहे. मराठीत ‘महा-’ हा पूर्वपद म्हणून आकार, विस्तार किंवा दर्जा सांगतो : महानगर, महासभा, महामार्ग, महाविद्यालय. महानगर म्हणजे आधीच प्रसिद्ध असलेल्या नगरांचा मेळ नव्हे. शिवाय गेल्या काही वर्षांत महायुती, महाआघाडी या शब्दांनी ‘महा-’ला निवडणुकीच्या राजकारणाचा असा रंग चढवला आहे, की ‘महागट’ वाचताच मन जागावाटपाकडे वळते.

माझ्या मते या कल्पनेसाठी मराठीने शंभर वर्षांपूर्वी एक विशेषण वापरून दाखवले आहे आणि ते आपण विसरता कामा नये. ते विशेषण म्हणजे ‘संयुक्त’. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ‘मानापमान’ नाटकाचा जो प्रयोग झाला, त्यात गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत एकत्र उभे राहिले. दोन्ही मंडळ्या आपापल्या जागी नामांकित, दोन्ही नटांचे चाहते वेगळे आणि एकमेकांशी वाद घालणारे. हा प्रयोग ‘संयुक्त मानापमान’ म्हणून मराठी स्मृतीत कायमचा नोंदला गेला. त्याला कोणी ‘महामानापमान’ म्हटले नाही, कारण नाटक मोठे झाले नव्हते. एरवी स्वतंत्रपणे तळपणारे दोघे एका रंगमंचावर आले होते, आणि ‘संयुक्त’ या शब्दाने तेवढेच आणि तेच सांगितले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, त्यामुळे त्या शब्दाला आजही एक हुरहुर चिकटून आहे.

तेव्हा ‘नामवंतांचा संयुक्त संच’ असे पहिल्यांदा लिहावे आणि पुढे ‘संयुक्त संच’ एवढे पुरेसे मानावे, अशी माझी सूचना आहे. ‘संच’ हा शब्द नटसंचामुळे रंगभूमीवर मुरलेला आहे आणि त्यात कायमस्वरूपी संस्थेपेक्षा एका निमित्ताने जमलेल्या कलावंतांचा भाव अधिक आहे, तो इथे उपयोगी पडतो. ‘चौकडी’ हा शब्द सुचणे स्वाभाविक आहे. संख्या जुळते, आणि ‘चांडाळ चौकडी’मुळे त्याला असलेली बंडखोरीची छटाही या चौघांना अगदीच परकी नाही, कारण जेनिंग्ज आणि नेल्सन हे कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधील निर्मात्यांची हुकमत झुगारणाऱ्या ‘आउटलॉ’ प्रवाहाचे अध्वर्यू होते. (या ‘आउटलॉ’साठी ‘बंडखोर’ लिहावे, ‘गुन्हेगार’ नव्हे. त्यांचा झगडा आपल्या ध्वनिमुद्रणात कोणते वादक असावेत आणि गाणे कसे वाजावे हे स्वतः ठरवण्यासाठी होता.) मात्र चौकडी हा या एका गटासाठी शोभणारा शब्द आहे, सर्वसाधारण संज्ञा नव्हे. डॉली पार्टन, लिंडा रॉनस्टॅट आणि एमिलू हॅरिस यांनी १९८७ मध्ये ‘ट्रिओ’ हा अल्बम काढला, तोही सुपरग्रुपच होता, आणि त्या तिघी होत्या.

‘द हायवेमेन’विषयी आणखी एक गोष्ट अनुवादात जपावी. हे चौघे १९८४ मध्ये जॉनी कॅशच्या नाताळविशेष दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे जमले होते, तिथून एकत्र गाण्याची कल्पना पुढे आली. १९८५ मध्ये ‘हायवेमन’ हा अल्बम निघाला आणि त्यातील त्याच नावाचे गाणे अमेरिकेच्या कंट्री गाण्यांच्या क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचले. पण त्या अल्बमच्या वेष्टनावर गटाचे नाव नव्हते, चौघांची नावे होती. ‘द हायवेमेन’ हे नाव वेष्टनावर गटाचे नाव म्हणून आले ते १९९५ च्या तिसऱ्या अल्बमवर. दरम्यान १९९० मध्ये, ज्यांनी १९६१ सालीच याच नावाने गाऊन लोकप्रियता मिळवली होती त्या जुन्या लोकसंगीत गटाने नावावर हक्क सांगितला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. त्यामुळे ‘१९८५ मध्ये द हायवेमेन या गटाने आपला पहिला अल्बम काढला’ हे वाक्य सोयीचे असले तरी काटेकोर नाही. ‘पुढे द हायवेमेन म्हणून ओळखल्या गेलेल्या चौघांनी’ असे लिहावे. सुपरग्रुप या कल्पनेचा गाभाच तिथे आहे : आधी माणसांची नावे, मग गटाचे.

आणि वेष्टनावर काय छापले आहे, या प्रश्नावरच ‘हिडन ट्रॅक’चा सारा अर्थ उभा आहे. जे ध्वनिमुद्रिकेवर ऐकू येते पण वेष्टनावरील यादीत नसते, त्याला इंग्रजी एकाच शब्दात गोळा करते. मराठीचे तसे नाही. ‘हिडन’चे भाषांतर करायला बसलो की मराठी क्रियापद आपल्याला लगेच विचारते : गाणे आपोआप दडले आहे की कोणी दडवले आहे? ‘दडलेले’ आणि ‘दडवलेले’, ‘लपलेले’ आणि ‘लपवलेले’ यांतला हा एका ‘व’चा फरक इंग्रजी शब्दात नाही, आणि मला तो मराठीचा मोठा फायदा वाटतो, कारण प्रत्यक्ष उदाहरणे पाहिली की हा फरक खरोखर पडतो.

बीटल्सच्या १९६९ च्या ‘अ‍ॅबी रोड’ या अल्बमच्या शेवटी, सुमारे १४ सेकंदांच्या शांततेनंतर, २३ सेकंदांचे ‘हर मॅजेस्टी’ ऐकू येते. ते आधी गाण्यांच्या एका मालिकेच्या मध्ये होते. गटातील पॉल मॅकार्टनीला तिथे ते आवडले नाही आणि त्याने ते काढून टाकायला सांगितले. परंतु बीटल्सचे ध्वनिमुद्रण केलेले काहीही फेकायचे नाही, अशी सक्त सूचना असल्यामुळे जॉन कुर्लँडर या साहाय्यक ध्वनितंत्रज्ञाने तो तुकडा कोऱ्या फितीचे अंतर सोडून मूळ फितीच्या टोकाला जोडून ठेवला. ऐकताना तो तिथे भावला आणि तसाच राहिला. मूळ वेष्टनावर त्याचे नाव नव्हते. हे गाणे लपवायचे असे कोणी ठरवलेच नव्हते, तेव्हा हे ‘दडलेले’ गाणे.

क्लॅश या ब्रिटिश गटाच्या १९७९ च्या ‘लंडन कॉलिंग’मधले ‘ट्रेन इन व्हेन’ तर दडलेलेही म्हणता येत नाही. ते अगदी ऐनवेळी समाविष्ट झाले, तोवर वेष्टन छापून झाले होते, एवढेच कारण. उलट तबकडीच्या शेवटच्या बाजूला, जिथे गाण्यांच्या खाचा संपून सुई आत सरकते त्या गुळगुळीत पट्ट्यावर, त्याचे नाव कोरून ठेवले होते. इंग्रजी लेखात याला सर्रास ‘हिडन ट्रॅक’ म्हटलेले आढळेल. मराठीत त्याला ‘यादीबाहेरचे गाणे’ म्हणणेच प्रामाणिक ठरेल.

‘निर्वाणा’ या अमेरिकी रॉक गटाच्या १९९१ च्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमचे मात्र वेगळे. शेवटचे गाणे संपल्यावर सुमारे १० मिनिटे काहीही वाजत नाही आणि मग ‘एंडलेस, नेमलेस’ हा कर्कश कल्लोळ अंगावर येतो. हे ठरवून केलेले, म्हणजे ‘दडवलेले’. त्यातही एक गंमतीची नोंद आहे : अंतिम प्रत तयार करताना ध्वनितंत्रज्ञाकडून तो भाग राहून गेला, म्हणून सुरुवातीच्या प्रतींवर तो नाही. त्या प्रतींपुरते ते ‘वगळले गेलेले’ ठरते. एकाच ‘हिडन’साठी मराठीने इतकी धातुसाधिते पुरवावीत, याचा आनंद वाटतो.

आता ‘गुप्त’ आणि ‘छुपे’ यांच्याविषयी. गुप्त मतदान, गुप्तहेर, गुप्त खलिते या सर्वांत ज्याला ठाऊक आहे त्याने ते सांगू नये असे बंधन आहे. ‘छुपे’ या शब्दाला छुपा कॅमेरा, छुपा हेतू, छुपे युद्ध यांमुळे कपटाचा वास आहे. दडवलेले गाणे या दोन्हींहून निराळे असते. ते सापडावे म्हणूनच दडवलेले असते, आणि सापडल्यावर श्रोत्याने ते मित्राला सांगावे अशीच करणाऱ्याची इच्छा असते.

या भावनेसाठी मराठीत एक अस्सल सोय आहे, ती म्हणजे ‘चोर-’ हे पूर्वपद. चोरखिसा, चोरकप्पा, चोरवाट, चोरदरवाजा. रायगडावरची चोरदिंडी अनेकांनी पाहिली असेल. या शब्दांत चोराचा काही संबंध नसतो. कारागिराने किंवा स्थपतीने मूळ रचनेतच जाणून-बुजून केलेली, माहीतगारालाच दिसणारी जागा असा त्यांचा अर्थ आहे. म्हणून ‘चोरगाणे’ म्हणावे असा मोह होतो. पण तो आवरावा. हे पूर्वपद जागेला लागते तेव्हा ‘दडलेली जागा’ हा अर्थ देते, वस्तूला लागले की ‘चोरीची वस्तू’ हा अर्थ डोके वर काढतो, आणि ‘चोरगाणे’ म्हटल्यावर कोणीही दुसऱ्याची चाल उचलल्याचा आरोप समजेल. मात्र ‘चोरकप्प्यातले गाणे’ हा शब्दप्रयोग निर्दोष आहे, आणि काही उदाहरणांत तो अक्षरशः खरा आहे. कॉम्पॅक्ट डिस्कवर प्रत्येक गाण्याच्या प्रारंभबिंदूची एक सूची असते आणि यंत्र त्या बिंदूपासून वाजवू लागते. पहिल्या गाण्याच्या प्रारंभबिंदूच्या आधीही ध्वनी भरता येतो, पण तिथे पोहोचायचे तर डिस्क सुरू करून मागे सरकवत न्यावी लागते. मॉन्टी पायथन या विनोदी नटसंचाने तर १९७३ मध्ये तबकडीच्या एकाच बाजूवर एकमेकांशेजारून जाणाऱ्या दोन स्वतंत्र खाचा कोरून घेतल्या होत्या, त्यामुळे सुई कोणत्या खाचेत उतरली त्यावर काय ऐकू येणार हे ठरे. याहून खरा चोरकप्पा कोणता असेल?

‘ट्रॅक’साठी नेहमीच ‘गाणे’ चालेल असे नाही. अशा जागी कधी संभाषण असते, कधी हसणे, कधी नुसता गोंगाट. तिथे ‘ध्वनिखंड’ म्हणावे, किंवा सरळ ‘ट्रॅक’ ठेवावे; तो शब्द आता मराठीत परका राहिलेला नाही.

तेव्हा लेखाच्या शीर्षकात आणि सर्वसाधारण चर्चेत ‘दडवलेले गाणे’, केवळ छपाईत नाव राहिले असेल तिथे ‘यादीबाहेरचे गाणे’, आणि जिथे ध्वनिमुद्रिकेच्या रचनेतच खास जागा केली आहे तिथे ‘चोरकप्प्यातले गाणे’, असे लिहावे. काळ मात्र शक्यतो भूतकाळ ठेवावा. आज हेच अल्बम मोबाइलवर ऐकताना ‘हर मॅजेस्टी’ आणि ‘एंडलेस, नेमलेस’ ही दोन्ही नावे इतर गाण्यांप्रमाणेच, आपल्या क्रमांकासह आणि लांबीसह, यादीत छापलेली दिसतात.